गाळलेलं पाणी

आईच्या घरामागे धरणाची भिंत होती. सिमेंटची नव्हे, मातीची. गवत वाढलेली, वर बकऱ्या चरायच्या. नव्या माणसाला ती टेकडीच वाटायची. बदलापूरच्या पुढचं हे धरण माझ्या जन्माआधीचं, कालव्याला पाणी सोडण्यापुरतं. त्याच्या पायथ्याशी, आमच्या परसात, एक झरा होता. म्हणजे झरा आम्ही म्हणायचो, धरणाच्या ऑफिसातले लोक गळती म्हणायचे. भावकीत नवी सून आली की पहिला हंडा तिथे भरायची आणि आधी हळदकुंकू वाहायची. गळतीला हळदकुंकू वाहणारे जगात आम्हीच असू.

पावसाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा इंजिनिअर यायचा. बिचारा चांगला माणूस होता. उकिडवा बसून स्टीलच्या पेल्यात पाणी धरायचा, उन्हाकडे करून बघायचा आणि विचारायचा, "मावशी, पाणी कधी गढूळ येतं का?" आई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "नाय रे बाबा, काचेसारखा हाय." त्यानेच आम्हाला समजावलं होतं की मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, स्वच्छ आहे तोवर वाहू द्या. माती घेऊन आलं तर मात्र लगेच फोन करा, म्हणजे धरण आतून पोखरतंय. त्याचा नंबर मी माझ्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता.

मी राहते अंबरनाथ पश्चिमेला आणि उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सुट्टीच्या दिवशी आईकडे जायचे. बाबा गेल्यापासून ती एकटीच होती. गेल्या हिवाळ्यात गेले तर हंड्याच्या तोंडावर लुगड्याची चौपदरी घडी. आईने आयुष्यात पाणी गाळलं नव्हतं. आपलं पाणी गाळावं लागत नाही, हाच तर तिचा तोरा. दोरीवर अजून तीन फडकी वाळत होती आणि तिन्हींवर तांबूस डाग होते.

"काय गं हे?"

"पाला पडतो. डोल्यांना दिसत नाय आता."

मी एक पेला झऱ्यातून भरला आणि ओट्यावर ठेवला. चहा होईपर्यंत तळाशी मऊ मातीचा थर बसला. आईने तो पेला उचलला, मिरचीच्या रोपांत ओतला, विसळून पालथा घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोनाला बोलू नको. उठवतील मना."

तिचं खोटं नव्हतं. आमच्या घराची जागा कागदोपत्री धरणासाठी सरकारजमा झालेली. बाबांनी ती कधी सोडली नाही आणि कोणी सोडायला लावली नाही. धरण ठणठणीत आहे तोवर म्हातारीच्या घराकडे बघतो कोण! म्हणून ती माती गाळत होती. गढूळ पाण्याचा अर्थ तिला माझ्याइतकाच माहीत होता.

"आणि खालचे?" मी विचारलं. उताराला आमच्या भावकीची वीस-पंचवीस घरं आहेत, ज्यांच्या अंगणात मी लहानाची मोठी झाले.

"इतकी वर्सा काय झाला?" ती म्हणाली.

दोन दिवस मी दुकानात कापड मोजलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात उभी राहून इंजिनिअरला फोन लावला. "माझं नाव कुठे येऊ देऊ नका," एवढं दोनदा सांगितलं. फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. डब्यातली भाजी संपवली आणि काउंटरवर गेले.

पुढचं भराभर झालं. धरणाचं पाणी सोडून दिलं, जेसीबी आले, आई राहायची ते घर चार दिवसांत रिकामं करायला लावलं आणि पाडलं. पायथा खोदला तेव्हा आत माणूस वाकून जाईल एवढी पोकळी निघाली. आता तिथे वाळू, खडी आणि दगडांचा जाड थर आहे. झिरपणारं पाणी पाइपातून येतं आणि स्वच्छ येतं म्हणे. धरण रिकामं झालं म्हणून उन्हाळ्यात कालव्याला पाणी नव्हतं. भावकीची भेंडी गेली, काकडी गेली. मी लग्नकार्याला भेटले की सगळे विचारतात, फोन केला कोणी? मीही त्यांच्याबरोबर विचारते.

आई माझ्याकडे आली. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. सकाळी खिडकीशी बसायची आणि सांगणाऱ्याला शिव्या घालायची. त्याच्या घराचा वाटोला होईल, त्याला कोनी रडायला उरनार नाय. मी तिच्यापुढे चहा ठेवायचे. सुरुवातीला छातीत लागायचं, मग लागेनासं झालं. शेजारच्या टीव्हीचा आवाज ऐकावा तसं ऐकायचे. ती जिवंत होती, खालची घरं उभी होती; ते मी स्वतःला सांगायचे, पण त्यानेही आत काही हलत नव्हतं.

एका सकाळी माझी मुलगी तिच्यासमोर पोळी खात बसली होती. आई म्हणाली, "ज्यानं सांगितला, त्याची पोरा पान्यावाचून तरफरतील."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरांना कशाला मध्ये आणतेस?"

आई थांबली. माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग परत माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दिवसापासून तिने शिव्या देणं बंद केलं. मी पाण्याचा पेला पुढे केला तर मात्र घेत नाही. गुडघ्यावर हात टेकून उठते, भिंत धरत स्वयंपाकघरात जाते आणि स्वतःचं पाणी स्वतः ओतून घेते.