एक छटा पुढे

डोळेवाले काका दुकानात आलेल्या माणसाचा आधी डोळा बघत. चेहरा नंतर, सवडीने. अपघातात किंवा आजारात ज्याचा एक डोळा गेला, त्याला ते दुसऱ्यासारखा डोळा रंगवून देत. पांढऱ्यावरच्या बारीक शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवत. खिडकीशी एक स्टूल, तीन ब्रश आणि चाळीस वर्षांत साठलेला अहंकार, एवढंच भांडवल.

लहान मुलांच्या बाबतीत हा अहंकार जरा जास्तच होता. पुष्कळ बाळं राखाडी डोळे घेऊन जन्मतात आणि बुबुळात तपकिरी रंग मागाहून भरत जातो. म्हणून काका बाळाचा डोळा एक छटा पुढे रंगवत. "पोचेल," म्हणत. आणि बाळं मुकाट्याने पोचत.

एक मुलगी पोचेना. पाच महिन्यांची असताना आजारात तिचा डावा डोळा काढावा लागला होता. वाढत्या चेहऱ्याला दर काही महिन्यांनी नवा डोळा लागे, आणि काका दर वेळी एक छटा पुढे जात. उजवा डोळा मात्र जागचा हलला नाही. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा एक डोळा घारा, दुसरा चहासारखा. बसमध्ये लोक आधी हसून बघत, मग नुसतेच बघत.

"सोमवारपासून शाळा आहे," तिची आई म्हणाली. "काका, तुमचा अंदाज पुरे झाला. समोर दिसतंय ते रंगवा."

काकांना हे झोंबलं. "अजून सहा महिने थांबा."

"तोवर वर्गात हिचं नाव पडलेलं असेल."

सोबत आलेल्या आजीने संधी साधली. "आमच्या सात पिढ्यांत घारं कुणी नाही."

"सातही पिढ्यांचे डोळे तपासलेत तुम्ही?" काका म्हणाले. "तुमचा मुलगा आणि ही सूनबाई, दोघांचे डोळे तपकिरी. पण घारेपणा दोघांच्याही रक्तात दडून राहू शकतो, अगदी आजोबा-पणजोबांपासून. दोन्हीकडून आला, की असा वर येतो. आता यातला अर्धा कुठून आला, ते तुमचं तुम्ही शोधा."

आई पहिल्यांदाच हसली.

बोलता बोलता काकांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली. त्यांनी निमूट मुलीला खिडकीशी बसवलं आणि भिंग घेतलं. राखाडीच्या मधोमध, बाहुलीभोवती तपकिरीचं एक पातळ कडं होतं. रंग निघाला होता खरा. दोन पावलं टाकून तिथेच बसला होता. अडीच वर्षं काका पुढचंच बघत राहिले, आणि हे कडं तेवढं राहून गेलं.

"हलू नकोस हं, राणी."

"तुम्हीच हलताय," ती म्हणाली. ते खरं होतं.

शनिवारी नवा डोळा बसवला, घारा, कड्यासकट. मुलीने आरशात पाहिलं, जीभ काढून दाखवली आणि आजीकडे पळाली. आजी इतके दिवस तिच्याशी उजवीकडून बोलत. आज त्यांनी चष्मा पुसला, वाकून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"यातला काकांचा कुठला गं?"

"ओळखा!" म्हणून मुलीने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.