जवसाच्या फुलाचा रंग

दिव्याखाली दिसणारा प्रत्येक रंग खोटा असतो, असं मानून अख्खं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे व्याही. सोलापुरात गिरणीच्या रंगखात्यात त्यांची हयात गेली. तिथे रंगवलेलं कापड दाराबाहेर उजेडात धरून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे. गिरणी बंद पडली, यांचं बाहेर जाणं थांबलं नाही. लंडनजवळ हाउन्सलोला लेकीकडे, म्हणजे माझ्या मुलाच्या घरी आले, तर दुकानातलं वांगंसुद्धा फुटपाथवर नेऊन बघायचे. एकदा कोट घेऊन दाराबाहेर गेले आणि अलार्म वाजला. धावत आलेल्या माणसाला ते शांतपणे मराठीत सांगत होते, की तुमच्या ट्यूबलाइटमध्ये निळा काळा दिसतो. कोट खरंच निळा निघाला.

येताना त्यांनी वारलेल्या बायकोची एक साडी आणली होती. रंग त्यांनीच बनवलेला, जवसाच्या फुलासारखा निळा. पुन्हा तसा साधला नाही म्हणायचे. मी कपाट आवरताना ती जुनेर समजून चॅरिटी शॉपला द्यायच्या जुन्या कपड्यांच्या पिशवीत टाकली. सून धावत दुकानात गेली, तोवर साडी विकली गेली होती. पिशवी चुकून गेली, असं सगळे धरून चालले आणि मी गप्प राहिले. माफी मागायची मला सवय नाही.

त्यांच्याकडे उरला तो त्याच साडीच्या पोलक्याच्या बाहीचा तुकडा, विटलेला. तो पाकिटात ठेवून ते लोकांचे पडदे, बसच्या सीटा, शेजारणीची फुलं ताडून बघायचे. जुळायचं काही नाही. "विटलेल्या तुकड्यावरून आता मलाच तो रंग नीट आठवत नाही," असं एकदा ते सुनेला म्हणाले. ते मी जिन्यातून ऐकलं.

त्यांना परत जायला चार दिवस होते. नातीला शाळेसाठी जुनी फ्रेंच चित्रं बघायची होती, म्हणून आम्ही दोघं तिच्याबरोबर म्युझियममध्ये गेलो. मला ती चित्रं अर्धवट वाटली. जवळून नुसते फराटे. मी बाकावर बसले. व्याही नातीला म्हणाले, त्या पहाऱ्यावरच्या माणसाला विचार, चित्र जरा खिडकीशी नेता येईल का. ती म्हणाली, "आजोबा, प्लीज. असं कोणी विचारत नाही." मग त्यांनी मान वर केली. छत काचेचं होतं, दिवे लागलेले नव्हते. त्यांचं समाधान झालं.

एका चित्रापाशी ते थांबले. बर्फ, कुंपण, आणि बर्फावर पडलेली सावली. सावली निळी होती. त्यांनी तुकडा काढला, नखाने शिवण उसवली. आतल्या दुमडीत रंग शाबूत होता. हात लांब करून त्यांनी तो चित्राकडे धरला. गार्ड उठला तशी नात म्हणाली, "आजोबा, लाइनच्या मागे या."

ते मागे आले, माझ्या शेजारी बसले.

"विहीणबाई, हाच. आता तुम्हीही ते मनातून काढा."

"मीच टाकली होती," मी म्हटलं.

"त्याच दिवशी कळलं मला."

एरवी मी कुठेही अर्ध्या तासात चला म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही. थंडीचे दिवस, चार वाजताच काचेवरचा उजेड उतरला आणि भिंतीवरचे दिवे एकेक करून लागले. तसे तेच काठी टेकून उठले.

"चला विहीणबाई," ते म्हणाले. "आता रंग खोटा दिसायला लागेल."