चारातलं एक

प्रयोगशाळेच्या तळघरात पांढऱ्या उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. त्याला त्याचा राग येत नसे. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कानातले बिल्ले पाहून नर-मादीच्या जोड्या लावायच्या. या कामात त्याचा हातखंडा होता. जोड्या लावायची खोड एवढी, की लेकीचीही त्यानंच लावून टाकली. सख्ख्या बहिणीचा मुलगा, पाहण्यातला, निर्व्यसनी. "पोर घरातल्या घरात राहील," म्हणाला आणि मोकळा झाला.

खालच्या फळीवरचे पिंजरे मात्र त्याला नकोसे वाटत. तिथले नर-मादी दिसायला धडधाकट, पण एकाच जनुकाची एकेक प्रत दोघांच्याही अंगात बिघडलेली. त्यांच्या पिल्लांत चारातलं एखादं दोन्हीकडचा बिघाड घेऊन यायचं. गुलाबी, भरलेलं, नखंसुद्धा जागच्या जागी. ते तोंड उघडायचं, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची आणि बघता बघता निळं पडायचं. त्याला बाजूला काढणं हे उंदीरमामाचं काम.

लेकीचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं, चांगलं बाळसेदार होतं. दुसऱ्याच दिवशी निळं पडून गेलं. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला, त्यानंही लावला. पिंजऱ्यातलं पिंजऱ्यात आणि घरातलं घरात ठेवायची त्याला सवय होती.

लेकीला पुन्हा दिवस गेले, सातवा महिना सरला, तेव्हा त्याचा धीर सुटला. त्यानं प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंना गाठलं.

"बाई, बाळाची कच्ची फुफ्फुसं पिकवायचं इंजेक्शन असतं ना? माझ्या मुलीला द्यायला सांगाल का डॉक्टरांना?"

"ते संप्रेरक असतं, मामा. शेवटच्या महिन्यांत बाळाचं अंगच ते बनवतं. त्यानं जनुकं जागी होतात आणि फुफ्फुसात साबणासारखा एक थर तयार होतो. तो नसला तर श्वास सोडला की फुफ्फुस आतून चिकटून बसतं. घाईनं येणाऱ्या बाळाला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून सुई देतात. पहिलं बाळ तर दिवस भरून झालेलं ना?"

"हो."

"मग जनुकच बिघडलेलं असेल तर त्याला जागं करून काय होणार?" बाई थबकल्या. "जावई नात्यातला आहे का?"

"भाचा माझा."

"दोघांचं रक्त तपासून घ्या. डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा."

घरी तो मूग गिळून बसला. सांगायचं म्हणजे ही जोडी कुणी लावली तेही आलंच. उलट त्यानं मनाशी हिशेब मांडला: चारातलं एक गेलं, आता उरलेली तीन चांगली. पिंजऱ्यात असा हिशेब कधी चालत नाही, एकाच विणीत तीन-तीन जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पोटच्या पोरीची गोष्ट आली की माणूस असाच खुळा होतो.

दिवस भरले. दवाखान्यात बाळ खणखणीत रडलं. बहिणीनं, म्हणजे लेकीच्या सासूनं, उंदीरमामाला गदागदा हलवलं. "ऐकलंस ना, दादा? आता तरी जरा हस!"

संध्याकाळी लेकीनं बाळ त्याच्या हातांत दिलं. त्यानं दुपट्याची घडी सोडली आणि छाती उजेडाकडे करून बाळाला तळहातावर धरलं. रोज धरायचा तसंच.

लेक हसली. किती दिवसांनी हसली होती. "बाबा, असं काय बघताय? उंदराचं पिल्लू आहे का ते?"

फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. सुटत होती. पुन्हा आत. ओठ अजून गुलाबी होते.

"छे गं," तो म्हणाला. "तुझ्यावर गेलाय."

त्यानं दुपटं नीट गुंडाळलं, बाळ छातीशी धरलं आणि नर्सला शोधायला निघाला. लेक बघत होती, म्हणून दारापर्यंत सावकाश गेला. बाहेर पडल्यावर मात्र धावत सुटला.