लांब बाह्या

टेलरकाकूंच्या हाताला सफाई होती आणि तोंडाला कुलूप. बायका त्यांच्याकडे यायच्या त्या या दोन्हींसाठी. माप घेताना दंडावर काळानिळा वळ दिसला, की काकू टेप तसाच पुढे सरकवायच्या आणि विचारायच्या एवढंच, "बाही कोपरापर्यंत करू की मनगटापर्यंत?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वर स्वतःला बजावायच्या. वा रे मूठ!

मध्यंतरी मदत केंद्रातली एक ताई फोन नंबरचं स्टिकर घेऊन दुकानात आली होती. म्हणाली, "काकू, हे ट्रायल रूमच्या आत लावा. नवरा सगळीकडे मागे येतो, पडद्याआड येत नाही. फोन केला तर ऐकून घेणारं माणूस आहे, राहायची सोय आहे, वकील आहे. आणि बाई कुठे आहे ते आम्ही कुणालाही सांगत नाही."

"अगं, दुकान आहे हे, पोलीस चौकी नव्हे," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक तुटलं तर तू येणार का कपडे शिवायला?" ताई हसली नाही. स्टिकर मशीनच्या खणात बॉबिनांखाली जाऊन पडलं.

पुढे काकूंच्या लेकीनेच ड्रेस शिवायला टाकला. अंगाला टेप लावू दिला नाही. जुना ड्रेस पुढे केला. "यावरून माप घे. फक्त बाह्या मनगटापर्यंत आणि गळा बंद." भर उन्हाळ्यात. दुसरी कुणी असती तर काकूंनी तिथेच ओळखलं असतं. स्वतःची लेक म्हटल्यावर त्यांना वाटलं, फॅशन असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ट्रायलला ती नवऱ्याबरोबर आली. जावई बाहेर स्टुलावर बसला. बाही ठीक बसतेय का बघायला काकू टाचण्या घेऊन पडद्याआड शिरल्या, तेव्हा लेकीचा एक हात बाहीत जायचा होता. दंडावर बोटांचे ठसे होते. जुने पिवळे पडलेले, नवे जांभळे.

"मला का नाही सांगितलंस?" काकू कुजबुजल्या.

"तू कुणालाच काही विचारत नाहीस, आई. म्हणून तर तुझ्याकडे टाकला."

रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, भरवशाच्या टेलरला म्हणावं तसं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती जणींच्या बाह्या आपण अशा लांबवल्या, हे आठवायचीही त्यांना लाज वाटली.

"झालं का?" बाहेरून जावयाने विचारलं.

"बाही उसवावी लागेल. बसा जरा."

आवाज रोजच्यासारखाच निघाला. इतकी सवय झाली होती मेली. बाहेर येऊन त्यांनी खण उघडला, कात्रीबरोबर स्टिकर मुठीत घेतलं आणि परत आत जाऊन ते आपल्या फोनसकट लेकीच्या हातात ठेवलं. "कर फोन. मी बाहेर आहे," एवढंच म्हणाल्या.

मग मशीनवर बसल्या, सुईखाली एक चिंधी सरकवली आणि आतलं बोलणं स्टुलापर्यंत जाऊ नये म्हणून मशीन जोरात चालवत राहिल्या.