पंधरा ड्रम आणि चाचा

चाचांचा कुणाच्या शब्दावर विश्वास नसे, लेबलावर तर मुळीच नसे. आंबेवाला गोड आहे म्हणाला की ते आधी फोड मागत. लेकीला वारणानगरचं स्थळ आलं, तेव्हा मुलाची नोकरी खरी की खोटी हे बघायला हा माणूस न सांगता त्याच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिला होता.

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या औषध कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट. आम्ही लहान मुलांचं तापाचं सिरप बनवायचो. पॅरासिटामॉल नुसत्या पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. पाण्यासारखं स्वच्छ, जरा दाट, चवीला गोडसर, आणि ठरल्या मापात निर्धोक. पण त्याचा एक भाऊबंद आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. तोही तसाच दिसतो, तसाच गोड लागतो आणि लेकरांची मूत्रपिंडं निकामी करतो.

"डोळ्याला दोन्ही सारखं, जिभेला दोन्ही गोड. मग मशीनलाच इचाराय पायजे की," चाचा म्हणत. म्हणून ते प्रत्येक ड्रम स्वतः उघडत, नमुना काढत आणि झाकणावर खडूनं खूण करत.

मॅनेजरना हे खपत नसे. "चाचा, एकाच गाडीतनं आलेत सगळे. एक तपासा, बास."

"एका गाडीतनं वऱ्हाड बी येतंय. समदी एका आईची असत्यात व्हय?"

शेवटी त्यांना घरी बसवलं. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरीला बसवा माझ्या जागी. ती न्हाय तसलं करायची."

मी केलं. पंधरा ड्रम आले होते, मॅनेजर डोक्यावर उभे होते. मी एक उघडला आणि पंधरांवर सही ठोकली. मॅनेजरना शिव्या घालते मी आजही, पण पेन माझ्याच हातात होतं.

सिरप बाजारात गेलं. काही दिवसांनी चाचांचा फोन आला. "नातीला ताप हाय. तू हाईस म्हणून आपलीच बाटली आणली," म्हणाले आणि हौसेनं लॉट नंबर वाचून दाखवला. त्याच पंधरा ड्रमांचा लॉट होता.

"चाचा, ती बाटली देऊ नका."

बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दोन डोस दिलं की गं पोरी."

मी धावत जाऊन न तपासलेल्या चौदा रिकाम्या ड्रमांच्या तळाशी राहिलेले थेंब काढून तपासले. माल शुद्ध होता. रडत फोन केला, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

"आज कळलं व्हय तुला?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही. वर्षभरात ते गेले.

आता मी प्रत्येक ड्रम उघडते. मॅनेजर चिडतात, चिडू देत. पण आयुष्यभरात चाचांनी न तपासता एकच गोष्ट पास केली होती, आणि ती मी होते.