सारामावशीपुढचं भाषण

एस्तेर, मी चेन्नईला निघाले त्या दिवशी एस.टी. स्टँडवर माझी आई रडत होती, आणि तुझी आई, आमची सारामावशी, माझ्या पिशव्या खिडकीतून आत देत होती. तू त्याआधीच इस्राएलला गेली होतीस. "सगळ्या पोरी लांबच जातात," मावशी म्हणाली, "शाळेत नोकरी धर हो, घरी बसू नकोस." तिला मी तेव्हा शेवटचं पाहिलं.

तिचं ऐकलं. आता नुंगंबाक्कमच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. दिवसभर इंग्रजी, रिक्षावाल्याशी मोडकंतोडकं तमिळ, आणि मराठी नवऱ्याशी भांडण्यापुरतं. फिल्टर कॉफीशिवाय आता डोळे उघडत नाहीत.

पहिल्याच वर्षी ज्यूंच्या नरसंहाराचा धडा आला. तयारीसाठी वाचत बसले, तर भारतातल्या ज्यूंच्या माहितीत आपला अलिबाग तालुका निघाला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. म्हणजे तुम्हीच की. आळीत तुम्हाला शनिवार तेली म्हणत. तू इस्राएलला गेलीस तरी पुस्तकातले ज्यू ते तुम्ही, हे माझ्या मठ्ठ डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आणि मग ते भाषण आठवलं. सातवीत वक्तृत्व स्पर्धेला मी जर्मनीच्या त्या हुकूमशहाचे गोडवे गायले होते. शिस्त, देशप्रेम, पोलादी पुरुष. भाषण सरांनी लिहून दिलेलं, आणि आठवडाभर मी ते तुमच्या ओटीवर मावशीपुढे घोकलं, कारण ती शिक्षिका, आळीत तिच्यासारखं मराठी कुणाचं नव्हतं. तिने माझे उच्चार सुधारले. बाकी एक अक्षर बोलली नाही. माझा पहिला नंबर आला.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊन माफी मागायची ठरवलं. असलं फोनवर कसं बोलायचं? दोन दिवाळ्या अशाच गेल्या. मग तू मावशीला तिकडे नेलंस आणि ती तिकडेच वारली. फोनवर तुला मी रडत रडत सगळं सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "त्या आठवड्यात आई नीट जेवलीच नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, पोर आहे, तिला कुठे कळतंय."

यंदा वर्गात काव्या नावाच्या मुलीने तेच भाषण केलं. इंग्रजीत, पण तेच. टाळ्याही पडल्या. मी रागावले नाही. आधी माझं भाषण आणि मावशीची गोष्ट सांगितली, मग छावण्यांत माणसांचं काय केलं ते. काव्या रडवेली झाली. "मिस, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?" तिने विचारलं. नाही, म्हटलं. राहून गेलं.

इथले लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते, पण आमच्या घराची नाही गं. तुमची ओटी दिसते. मी हातवारे करत मोठमोठ्याने बोलतेय, मावशी डोळे मिटून ऐकतेय, आणि आत तिचं ताट तसंच झाकून ठेवलंय.