फरशीचा ढाळ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुंडलिक वैतीने चौथा खांब कापून बाकीच्या तिन्हींशेजारी उभा केला. चारही सारखे. साल सहासष्ट, तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं. त्या कामावरच्या एका ठेकेदाराचं बोईसरला जीप-ट्रकांचं गॅरेज होतं. तिथे सुटे भाग जमिनीवर गंजत पडायचे, म्हणून भिंतीलगत फळ्यांची मांडणी हवी होती. ती या ठेकेदार साहेबांच्या पसंतीस उतरली, तर पुंडलिक गॅरेजचा कायमचा सुतार होणार होता.

त्याला ते व्हायलाच हवं होतं. मुरब्याच्या किनाऱ्यावर त्याच्या घरात बापापासून होड्या बांधायचं काम. थोरल्या भावाशी, देवूशी, भांडून तो निघाला, तेव्हा बापाची तासणी देवूच्या पायाशी टाकून म्हणाला होता, "ठेव तुला. मी या रेतीत परत पाय ठेवणार नाय." सगळ्या आळीने ऐकलं होतं.

"पातळी बघायला पाणसळ देऊ का, मिस्तरी?" फिटर पुंजारामने विचारलं. तो धुळ्याकडचा, गॅरेज बांधलं तेव्हापासून इथेच.

पुंडलिक हसला. "होडीला कुणी पाणसळ लावतं? रेतीवर होडी कलंडलेलीच असते. तळाचं लाकूड खरं धरायचं, सगळं त्याच्यापासून मोजायचं. आमाला डोळा हाय."

"बरं बाबा. दर्याचा डोळा!" पुंजारामने पाणसळ पेटीत टाकली.

तळ म्हणजे इथे फरशी. पुंडलिकने प्रत्येक फळी फरशीपासून मोजून ठोकली. चहालाही थांबला नाही. दुपारी त्याने मांडणीला खांदा देऊन पाहिला. ती हलली नाही.

साहेबांनीही हलवून पाहिली, मान डोलावली. मग टेबलावरचा बेअरिंगचा एक छर्रा उचलून वरच्या फळीवर ठेवला. छर्रा क्षणभर थबकला, मग सगळी फळी घरंगळत दाराशी गेला आणि खाली गटारात पडला.

पुंजारामने मागच्या भिंतीशी बादली ओतली. पाणी छर्‍याच्याच वाटेने गेलं. "इथे गाड्या धुतात, मिस्तरी. फरशीला ढाळ आहे. मीच धरून दिला होता."

"मंग सकाळी सांगायचं नाय?"

"पाणसळ देत होतो की. दर्याच्या डोळ्याला आणखी काय सांगू?"

"दाराकडच्या खांबांखाली पाचरी मारा," साहेब पुंजारामला म्हणाले. चहा निवायच्या आत मांडणी पातळीत आली. सुताराची जागा मात्र गेली ती गेलीच. जाता जाता साहेब वळले. "धुलाईला माणूस हवाय. राहतोस?"

पुंडलिकला देवूच्या पायाशी पडलेली तासणी दिसली. "राहतो," तो म्हणाला.

संध्याकाळी खोलीवर बायको भाकरी थापत होती. "झालं पक्कं?" जमनाने विचारलं.

"झालं."

"सुताराचंच ना?"

"गॅरेजचं."

तिने परातीवर हात झटकले. "मंग उद्या बाजारात मुरब्याची कुणी भेटली की तिच्याकडं निरोप धाडते. मोठ्या भावजींना कळू दे, कसा माणूस घालवला ते."

पुंडलिकने तिच्याकडे पाठ केली. "धाड," म्हणाला.

गॅरेज उद्या सातला उघडेल. पहिला खडीचा ट्रक धुवायचा आहे. पाणी मागच्या भिंतीकडून मारायचं. गटार दाराशी आहे.